कुत्र्यांमधला लिव्हर शंट आणि त्याचं ऑपरेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शंट म्हणजे नेमकं काय?

जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा इथलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते आधी पोर्टल शिरेतून यकृतात शिरतं, तिथे त्यातली घाण काढली जाते आणि मगच महाशिरेतून वर जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी ७५ ते ८० टक्के रक्त या पोर्टल शिरेचं असतं, उरलेलं यकृताच्या धमनीचं. शंट म्हणजे या वाटेला फुटलेली आडवाट. पोर्टल शिरेतून एखादी जादा रक्तवाहिनी निघते आणि यकृताला वळसा घालून थेट महाशिरेला किंवा छातीकडे जाणाऱ्या अ‍ॅझायगस शिरेला मिळते.

त्यातून दोन नुकसानं होतात. आतड्यात तयार झालेला अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं न गाळता मेंदूपर्यंत पोचतात. शिवाय यकृताची वाढ ज्या इन्सुलिनवर आणि वाढीच्या घटकांवर होते, ते पोर्टल रक्तातूनच येत असल्यामुळे यकृत लहानखुरंच राहतं.

सगळे शंट ऑपरेशनने बरे होतात का?

नाही, आणि पहिला निर्णय इथेच होतो. शंट जन्मजात आहे की नंतर झालेला, हे आधी ठरवावं लागतं. जन्मजात शंटमध्ये बहुतेक वेळा एकच वाहिनी असते आणि ती बंद करता येते. यकृताच्या जुनाट आजारात पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि तो सोडवण्यासाठी शरीर स्वतःच अनेक बारीक आडवाटा उघडतं. त्या वाहिन्या सुटकेची झडप असतात. त्या बांधल्या तर दाबाला जायला जागाच उरत नाही, म्हणून तिथे ऑपरेशन करत नाहीत. अशा कुत्र्यांच्या पोटात बऱ्याचदा पाणी साठलेलं असतं. जन्मजात शंटमध्ये पोटात पाणी क्वचितच दिसतं.

तिसरा प्रकार आहे यकृताच्या आतल्या पोर्टल शाखा अपुऱ्या वाढण्याचा. यात मोठा शंट नसतोच, फक्त सूक्ष्म पातळीवर गडबड असते. रक्ततपासणी शंटसारखी येते, पण बांधायला काहीच नसतं. त्यामुळे स्कॅनशिवाय पोट उघडायची घाई करू नये.

कोणत्या जातींमध्ये जास्त दिसतो?

लहान जातींमध्ये शंट सहसा यकृताच्या बाहेर असतो : यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, शिह त्झू, पग, डॅशहुंड, मिनिएचर श्नाउझर. मोठ्या जातींमध्ये तो यकृताच्या आत असतो : लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, आयरिश वुल्फहाउंड. यकृताच्या आतल्या शंटचा एक प्रकार म्हणजे गर्भातली डक्टस व्हिनोसस ही वाहिनी. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटायला हवी, ती उघडीच राहते.

लक्षणं कशी ओळखायची?

भावंडांपेक्षा बारकं, वजन न वाढणारं पिल्लू. जेवणानंतर, विशेषतः मटण किंवा कलेजी खाल्ल्यावर तासा-दोन तासांत सुस्त होणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, गोल गोल फिरणं, थोडा वेळ न दिसल्यासारखं वागणं, झटके. खूप पाणी पिणं, खूप लघवी, अधूनमधून उलट्या, माती किंवा कापड चघळणं. काही कुत्र्यांमध्ये यातलं काहीच दिसत नाही. नसबंदीच्या भुलेतून ते तासन् तास जागं होत नाहीत, तेव्हा शंका येते. काहींचं निदान थेट मूत्रखड्यावरून होतं.

बाइल अ‍ॅसिडची तपासणी कशी करतात?

बाइल अ‍ॅसिड म्हणजे यकृतात बनणारी पित्ताम्लं. निरोगी यकृत ती आतड्याकडून आलेल्या रक्तातून परत काढून घेतं. १२ तास उपाशी ठेवून रक्ताचा एक नमुना, मग थोडं जेवण देऊन बरोबर २ तासांनी दुसरा. मात्र अगदी लहान पिल्लाला १२ तास उपाशी ठेवलं तर साखर घसरते, त्याची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जेवणानंतरचा आकडा निरोगी कुत्र्यात साधारण २५ ते ३० मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत राहतो. शंटमध्ये तो बऱ्याचदा १००च्या वर जातो. माल्टीज मात्र अपवाद आहे : या जातीत काहीही आजार नसताना आकडा वाढलेला सापडतो, म्हणून फक्त या एका तपासणीवर माल्टीजला शंट आहे असं म्हणू नये.

सोबत साधी रक्ततपासणी बरंच सांगून जाते. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), युरिया, कोलेस्टेरॉल आणि साखर हे चारही कमी, कारण ते बनवणारं यकृतच अपुरं आहे. लाल पेशी आकाराने लहान असतात. एएलटी हे यकृतातलं एन्झाइम थोडंफारच वाढतं. ते फार वाढलं असेल तर दुसरा आजार शोधावा. लघवीत अमोनियम बाययुरेटचे स्फटिक दिसतात, तपकिरी गोल आणि अंगभर काटे, अगदी धोत्र्याच्या फळासारखे.

अमोनियाची तपासणी नेमकी आहे, पण नमुना बर्फात ठेवून अर्ध्या तासाच्या आत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. दुचाकीवरून तासभर हिंडून लॅबमध्ये पोचलेल्या नमुन्याचा आकडा खोटाच वाढलेला येतो. तशी सोय नसेल तर ही तपासणी न केलेलीच बरी.

सोनोग्राफी झाली आहे. तरी सीटी स्कॅन लागेलच का?

ऑपरेशन करायचं असेल तर आमचं उत्तर हो आहे. अनुभवी हाताला सोनोग्राफीत शंट सापडतो, पण पोटातला वायू आणि छोटंसं यकृत यांमुळे तो निसटतोही. नुसतं ‘शंट आहे’ एवढं कळणं सर्जनला पुरत नाही. ती वाहिनी कुठून निघते, कुठे मिळते, मध्ये तिला कोणत्या शाखा येऊन मिळतात, हे सगळं हवं असतं. भूल देऊन, शिरेतून आयोडीनयुक्त डाय सोडून केलेल्या सीटी अँजिओग्राफीत ते नकाशासारखं दिसतं आणि टेबलावरचा शोधाशोधीचा वेळ वाचतो. सोनोग्राफी मात्र आणखी एका कारणासाठी करायचीच : युरेटचे खडे (वर सांगितलेल्या स्फटिकांसारखेच मूत्रखडे) साध्या एक्स-रेवर बहुतेक वेळा उमटत नाहीत.

औषधांवरच ठेवलं तर?

औषधं लक्षणं दाबतात, रक्ताची वाट बदलत नाहीत. काही कुत्रे केवळ औषध-आहारावर वर्षानुवर्षं बरे राहतात, विशेषतः ज्यांच्यात लक्षणं उशिरा आणि सौम्य दिसली ते. पण सरासरीने पाहिलं तर ऑपरेशन झालेले कुत्रे जास्त जगतात आणि त्यांना झटक्यांचा त्रास कमी होतो. वय हे ऑपरेशन नाकारायचं कारण नाही. ५-६ वर्षांच्या कुत्र्यालाही फायदा होतो. फक्त ऑपरेशननंतरच्या झटक्यांचा धोका वयस्कांमध्ये थोडा जास्त असतो, हे घरच्यांना आधी स्पष्ट सांगावं.

ऑपरेशनआधी किती दिवस औषधं द्यायची आणि कोणती?

किमान २ ते ४ आठवडे. गोंधळलेल्या, झटके येणाऱ्या कुत्र्याला थेट टेबलावर घेणं म्हणजे संकट ओढवून घेणं. खालचे डोस नेहमीच्या वापरातले आहेत, पण तुमच्या कुत्र्याचा डोस त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

लॅक्ट्युलोज सिरप सुरुवातीला ०.५ मिली प्रति किलो, दिवसातून २-३ वेळा. ४ किलोच्या कुत्र्याला एका वेळी २ मिली. खरं माप बाटलीवर नाही, शीवर बघायचं : दिवसातून २-३ वेळा मऊ पण आकार असलेली शी व्हायला हवी. पाण्यासारखी झाली तर डोस कमी करा, कारण जुलाबाने पाणी आणि पोटॅशियम गेलं की अमोनियाचा त्रास उलट वाढतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू लॅक्ट्युलोज आंबवून आम्ल तयार करतात. त्या आम्लात अमोनियाचं अमोनियममध्ये रूपांतर होतं, ते रक्तात परत शोषलं जात नाही आणि शीवाटे बाहेर पडतं.

जिवाणूंची संख्या कमी करायला मेट्रोनिडाझोल ७.५ मिग्रॅ प्रति किलो दिवसातून दोनदा, किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन. इतर आजारांत मेट्रोनिडाझोल यापेक्षा जास्त डोसमध्ये देतात. इथे तसं केलं तर यकृत ते वेळेत काढू शकत नाही आणि औषधानेच तोल जाणं, डोळे फिरणं सुरू होतं. मग तो शंटचाच त्रास समजून डोस आणखी वाढवला जातो. ही चूक आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो.

झटके आलेले असतील तर लेव्हेटिरासिटाम २० मिग्रॅ प्रति किलो दर ८ तासांनी. औषधाच्या दुकानात मिळणारं सिरप साधारणपणे १०० मिग्रॅ प्रति मिली असतं, म्हणजे ४ किलोच्या कुत्र्याला ०.८ मिली. एक सिरिंज घरात राखून ठेवा, चमच्याने अंदाज करू नका. माणसांसाठीचं कोणतंही सिरप घेताना लेबलवर झायलिटॉल नाही ना, हे वाचून बघा. ते कुत्र्याला विषारी आहे.

शंट सापडला की सरळ दोरा बांधून बंद का करत नाहीत?

कारण यकृतातल्या पोर्टल शाखा जन्मापासून नीट वापरल्याच गेलेल्या नसतात. सगळं रक्त एका मिनिटात तिकडे वळवलं तर त्यांना ते पेलत नाही. रक्त मागे तुंबतं, आतडी काळी-निळी पडतात आणि कुत्रा काही तासांत शॉकमध्ये जातो. शंट तिथल्या तिथे पूर्ण बंद झालेला निम्म्याहून कमी कुत्र्यांनाच सोसतो. म्हणून तो आठवड्यांच्या हिशेबाने बंद व्हायला हवा. तेवढ्या वेळात यकृतातल्या शाखा रुंदावतात आणि यकृत वाढू लागतं.

रिंग, सेलोफेन, दोरा : यांत फरक काय?

अ‍ॅमेरॉइड रिंग ही बाहेरून स्टीलची आणि आतून दाबून घट्ट केलेल्या केसीनची कडी असते, म्हणजे दुधातलंच प्रथिन. रिंगेला एक फट असते. त्यातून वाहिनी आत सरकवतात आणि फटीत केसीनची छोटी किल्ली बसवून रिंग किंचित फिरवतात, की ती सुटत नाही. पोटातला ओलावा शोषून केसीन फुगतं. बाहेर स्टील असल्यामुळे त्याला आतल्या बाजूलाच फुगावं लागतं. नुसत्या फुगण्याने वाहिनी पूर्ण मिटत नाही. रिंगेमुळे आजूबाजूला तयार होणारी तंतुमय ऊती आणि कधी आत धरणारी गुठळी उरलेलं काम करते. सगळं मिळून २ ते ५ आठवडे लागतात. आतला व्यास ३.५ मिमी, ५ मिमी अशा मापांत मिळतो. माप वाहिनीपेक्षा थोडं मोठंच घ्यायचं. घट्ट रिंग घातली तर ती हळू बंद होत नाही, त्याच दिवशी बंद होते. दुसरा धोका वजनाचा : २ किलोच्या पिल्लात जड रिंग ओघळून वाहिनीला मुरड घालू शकते. त्यासाठी वाहिनीभोवतीची ऊती रिंग जाईल एवढीच सोडवायची, जास्त नाही. मग रिंग जागेवर राहते.

सेलोफेन पट्टी म्हणजे साधारण १ सेमी रुंदीची फिल्म, लांबीत तिहेरी घडी घालून ३-४ मिमीची केलेली. ती वाहिनीभोवती सैल गुंडाळून टायटॅनियम क्लिपांनी अडकवतात. ती फुगत नाही. शरीर तिला परकी वस्तू समजून भोवती तंतू विणतं आणि त्या तंतूंनी वाहिनी आवळली जाते. यात ८ ते १२ आठवडे जातात, कधी त्याहून जास्त. पट्टी हलकी आणि स्वस्त, म्हणून लहान पिल्लात सोयीची. अडचण वेगळीच आहे : सेलोफेन म्हणून मिळणारी पारदर्शक फिल्म खरं तर पॉलिप्रॉपिलीनची असू शकते. खरं सेलोफेन सेल्युलोजपासून बनतं. फिल्म कशाची आहे यावर शरीराची प्रतिक्रिया अवलंबून असते, त्यामुळे फुलवाल्याकडचा कागद निर्जंतुक करून वापरण्यात अर्थ नाही. सर्जनला विचारा, फिल्म कुठून आणि कोणत्या पदार्थाची.

रेशमी दोऱ्याने बांधणं ही सर्वांत जुनी पद्धत. यात आतड्याच्या एका शिरेत कॅथेटर घालून पोर्टल दाब मोजत मोजत गाठ आवळतात. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात : बांधल्यानंतर तो १७ ते २४ सेमीच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि वाढ ९-१० सेमीच्या आत ठेवायची. डोळ्यांनीही बघायचं : स्वादुपिंड निळसर झालं, आतडी फिकी पडून वळवळू लागली, की गाठ सैल करायची. बऱ्याचदा वाहिनी अर्धवटच बांधता येते आणि काहींना काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन लागतं. दाब मोजणारी यंत्रणा आणि सवयीचा हात असेल तर ही पद्धत आजही चांगली चालते.

यकृताबाहेरच्या शंटसाठी रिंग किंवा पट्टी, यांतली सर्जनच्या हाताला सवय असेल ती निवडावी. साधनापेक्षा सवयीने जास्त फरक पडतो.

प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये काय करतात?

पोट मधोमध, छातीच्या हाडाच्या टोकापासून खालपर्यंत उघडतात. लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे ड्युओडेनम, डावीकडे ओढून धरला की उजवीकडे महाशिरा आणि पोर्टल शिरा दोन्ही दिसतात. मूत्रपिंडाच्या शिरा आणि यकृत यांच्या मधल्या पट्ट्यात महाशिरेला मोठी अशी एखादी अनोळखी वाहिनी येऊन मिळत असेल आणि तिच्या तोंडाशी रक्त भोवऱ्यासारखं फिरताना दिसत असेल, तर तोच शंट. तिथे नसेल तर जठरामागची पिशवी उघडून डावीकडे आणि डायाफ्रामजवळ शोधतात.

रिंग कुठे बसवायची, हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा : शंट महाशिरेला जिथे मिळतो, त्याच्या शक्य तितकं जवळ. त्याच्या आधीच बसवली आणि रिंग ते महाशिरा यांच्या मध्ये एखादी शाखा शंटला मिळत असेल, तर रक्त त्या शाखेतून पुन्हा आडवाटेला लागतं. रिंग बंद होते, कुत्रा मात्र आजारीच राहतो. त्याच बैठकीत यकृताचा छोटा तुकडा तपासणीसाठी घेतात आणि मूत्राशयात खडे असतील तर तेही काढतात. कुत्रा स्थिर असेल तर नसबंदीही उरकता येते, पण त्यासाठी भूल लांबवू नये.

यकृताच्या आतला शंट असेल तर?

तिथे पोट उघडून वाहिनी गाठणं अवघड आणि रक्तस्रावाचं. सोय असेल तिथे मानेच्या शिरेतून कॅथेटर घालून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, महाशिरेत जाळीदार स्टेंट बसवतात आणि त्याच्या जाळीतून शंटच्या तोंडात धातूच्या कॉइल्स सोडतात. दाब मोजत कॉइल्स वाढवत न्यायच्या. स्टेंटमुळे कॉइल सुटून हृदयाकडे जात नाही. या कुत्र्यांना जठर-आतड्यात अल्सर होऊन रक्तस्राव होण्याचा धोका कायम राहतो, म्हणून ओमेप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध आयुष्यभर द्यायचं. ‘आता बरा आहे’ म्हणून ते बंद केलेल्या कुत्र्याला काही महिन्यांनी काळी शी होऊ शकते.

भूल धोकादायक आहे का?

नेहमीपेक्षा जास्त, पण सांभाळता येते. एसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध टाळतात. फेंटानिलसारखं ओपिऑइड, प्रोपोफॉल आणि आयसोफ्लुरेन असा क्रम सहसा वापरतात. पिल्लाला उपाशी फक्त काही तास, सलाईनमध्ये ग्लुकोज, ऑपरेशनभर साखर तपासायची आणि अंगाखाली गरम चटई. २-३ किलोचं शरीर पोट उघडल्यावर फार पटकन थंड पडतं. रक्त गोठण्याची तपासणी आधी करून प्लाझ्माची सोय हाताशी ठेवावी.

पहिल्या ३-४ दिवसांत काय बिघडू शकतं?

म्हणूनच कुत्र्याला त्याच संध्याकाळी घरी न्यायचं नसतं. रात्री माणूस असलेलं हॉस्पिटल निवडा.

साखर घसरणं सर्वांत लवकर दिसतं, म्हणून पहिल्या दिवशी दर २ ते ४ तासांनी साखर तपासतात. ग्लुकोज देऊनही ती टिकत नसेल तर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा छोटा डोस उपयोगी पडतो. पोर्टल दाब वाढला तर पोट फुगतं, दुखतं, हिरड्या फिक्या पडतात, शीतून रक्त जातं. थोडं पाणी साठणं आपोआप ओसरतं, पण शॉकची चिन्हं असतील तर पोट पुन्हा उघडून रिंग किंवा गाठ काढावी लागते, तीही ताबडतोब.

सर्वांत वाईट म्हणजे ऑपरेशननंतरचे झटके. शंभरात साधारण पाच-दहा कुत्र्यांना, बहुतेक पहिल्या ४ दिवसांत, कधी आठवड्यापर्यंत. आधी डोकं हलणं, चेहऱ्याचे स्नायू फडफडणं, बावचळल्यासारखं बघणं दिसतं. अमोनिया तपासला तर तो सहसा वाढलेला नसतो, त्यामुळे एनिमा देत बसून वेळ घालवू नये. लेव्हेटिरासिटाम, मिडाझोलाम, गरज पडली तर प्रोपोफॉलचं सतत सलाईन, असा चढता क्रम लागतो. सलग झटके सुरू झालेले बरेच कुत्रे वाचत नाहीत. आधीपासून लेव्हेटिरासिटाम दिल्याने हे झटके नक्की टळतात का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. तरी अनेक सर्जन देतात.

घरी आणल्यावर?

दोन आठवडे पळणं-उड्या बंद, टाके १० ते १४ दिवसांनी. माणसांची वेदनाशामकं अजिबात नकोत. लॅक्ट्युलोज आणि आहार आहे तसाच चालू ठेवा, कारण रिंग अजून बंद झालेली नाही, शंट पूर्वीसारखाच वाहतो आहे. पहिल्याच आठवड्यात कुत्रा टवटवीत दिसला म्हणून चिकन वाढणं ही घरोघरची चूक. झटका आलाच तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, वेळ मोजा. शुद्धीवर आल्यावर हिरडीला मध किंवा ग्लुकोज चोळा आणि दवाखाना गाठा.

काय खायला द्यायचं?

प्रथिनं बंद करायची नाहीत, ती कुठून येतात ते बदलायचं. दूध, अंडी आणि सोया यांतली प्रथिनं लाल मांसापेक्षा चांगली सोसतात. प्रौढ कुत्र्याला साधारण २ ते २.५ ग्रॅम प्रथिनं प्रति किलो रोज. वाढत्या पिल्लाला त्याहून जास्त लागतात. ५ किलोच्या कुत्र्यासाठी हिशेब असा : एक उकडलेलं अंडं ६ ग्रॅम, २० ग्रॅम बिनमिठाचं पनीर साडेतीन ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेला भात अडीच ग्रॅम, म्हणजे १२ ग्रॅम झाले. सोबत लाल भोपळा. दिवसाचं जेवण ४ वेळांत वाटून द्या. कलेजी, मटण, सुकट, कांदा-लसूण नको. या घरगुती जेवणात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं कमी पडतात. महिनोन् महिने तेच द्यायचं असेल तर पूरक घाला, नाहीतर यकृतासाठीचं तयार खाद्य घ्या.

औषधं कधी बंद होतात?

४ आठवड्यांनी पहिली तपासणी : अल्ब्युमिन, युरिया, कोलेस्टेरॉल वर येत आहेत का. येत असतील तर आधी अँटिबायोटिक, मग लॅक्ट्युलोज हळूहळू कमी करत बंद आणि शेवटी २-३ महिन्यांनी आहार बदलायचा. सगळं एकाच दिवशी सोडू नका, काय कशाने बिघडलं ते कळणार नाही.

३ महिन्यांनी बाइल अ‍ॅसिड अजून वाढलेलं आहे. ऑपरेशन फसलं का?

लगेच तसं म्हणू नका. कुत्रा खेळतो, वजन वाढलंय, अल्ब्युमिन नॉर्मल आहे आणि फक्त हा आकडा थोडा वर आहे, असं बऱ्याच कुत्र्यांत राहतं. आकडा आणि अल्ब्युमिन दोन्ही बिघडलेले असतील तर पुन्हा सीटी करावा. तेव्हा तीनपैकी एक सापडतं : रिंग पूर्ण मिटलेली नाही, दुसरी वाहिनी राहून गेली, किंवा दाब वाढून नव्या आडवाटा फुटल्या. पहिल्या दोन्हींवर पुन्हा ऑपरेशन होऊ शकतं, तिसऱ्यावर नाही.

एकूण यश किती?

यकृताबाहेरच्या एकाच शंटमध्ये ९० टक्क्यांहून अधिक कुत्रे ऑपरेशन आणि नंतरचे दिवस पार करतात आणि सुमारे ८० टक्के पुढे चांगलं आयुष्य जगतात. यकृताच्या आतल्या शंटमध्ये पोट उघडून केलेल्या ऑपरेशनचा धोका याहून जास्त.

खडे परत होतील का?

शंट मिटला तर युरेटचे नवे खडे सहसा होत नाहीत आणि बारीक राहिलेले विरघळूही शकतात. नर कुत्रा लघवीसाठी कुंथत असेल आणि थेंब-थेंबच येत असेल, तर मूत्रमार्गात खडा अडकलेला असू शकतो. त्यासाठी सकाळची वाट बघू नका.

बरा झालेल्या कुत्र्यापासून पिल्लं घ्यावीत का?

नाही. अनेक जातींत हा दोष आनुवंशिक आहे. ऑपरेशनने वाहिनी बंद होते, जनुकं बदलत नाहीत. ब्रीडरला कळवा आणि त्याच वेताच्या इतर पिल्लांच्या मालकांना बाइल अ‍ॅसिड तपासून घ्यायला सांगा, त्यांच्यात लक्षणं नसली तरी.